वॉर्डात दाखल पेशंट, दुखणं वेगळं आणि सोबत गर्दची सवय : पहिल्या रात्रीपासून काय करायचं?

पारसिक

ठाणे-नवी मुंबईत जनरल वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट मंडळींसाठी हा धागा काढतोय. पेशंट दाखल होतो मांडीतल्या गळवासाठी, न्यूमोनियासाठी, टीबीसाठी, नाहीतर बाइकवरून पडून मोडलेल्या पायासाठी. सवय असते गर्दची (ब्राऊन शुगर, म्हणजे कच्चं हेरॉइन), ट्रॅमाडोल या वेदनाशामकाच्या गोळ्यांची किंवा कोडीनच्या सिरपची. केसपेपरवर गळू येतं, सवय येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तळमळायला लागतो, सिस्टरवर ओरडतो, सलाईन ओढून काढतो आणि दुपारी डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या कागदावर) सही होते. कागदावर राहतं 'पेशंट अनकोऑपरेटिव्ह'. त्याला टर्की, म्हणजे नशा सुटल्याची तळमळ, लागलेली असते. तिच्यावर औषध आहे आणि ते कोणी दिलेलं नसतं.

माझं म्हणणं एकच आहे. टर्कीचा इलाज हा गळवाच्या इलाजाचाच भाग धरा. व्यसनाचं नंतर बघू, आधी इन्फेक्शन आटोक्यात आणू, असं म्हणून चालत नाही, कारण तोवर पेशंट वॉर्डात राहतच नाही. हृदयाच्या झडपेला स्टॅफिलोकोकसचा संसर्ग असेल तर शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक लागतं. तिसऱ्या दिवशी घरी गेलेल्या माणसाला ते कसं पोचणार?

इतिहास घेताना नातेवाईकांना बाहेर पाठवा. 'रात्री तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून विचारतोय' हे आधी सांगा, मग विचारा : काय घेता, पन्नीवर (जाळून धूर ओढत) की सुईने की गोळी, रोज किती, शेवटचं कधी, सोबत दारू किंवा बटण (झोपेच्या, बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या) आहे का. 'शेवटचं कधी'चं उत्तर घड्याळाच्या वेळेत लिहा. 'काल' एवढं लिहून उपयोग नाही, सगळा हिशोब त्या वेळेवर बसतो. गर्दची टर्की साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते, ३६ ते ७२ तासांत टोकाला जाते आणि आठवड्याभरात उतरते. व्यसनाच्या इलाजासाठीच्या मेथाडोनवर असलेल्याला ती एक-दोन दिवस उशिरा लागते आणि लांबते.

लघवीच्या पट्टीवर फार विसंबू नका. साध्या 'ओपिएट' पट्टीत मॉर्फिन, कोडीन, गर्द सापडतं. ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन सापडत नाही. म्हणजे रोज वीस गोळ्या ट्रॅमाडोल घेणाऱ्याची पट्टी निगेटिव्ह येते आणि आपण त्याला खोटं ठरवतो. उलट खसखस भरपूर खाल्ली तरी पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते.

टर्की किती आहे ते मोजण्यासाठी काऊज (COWS) स्केल वापरा. अकरा गोष्टी बघायच्या : नाडी, घाम, अस्वस्थपणा, बाहुल्या, हाडं-सांधे दुखणं, नाक-डोळे गळणं, पोट, हाताची थरथर, जांभया, चिडचिड-घबराट आणि अंगावर काटा. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ बऱ्यापैकी तीव्र, त्यापुढे तीव्र. एक लक्षात ठेवा, ट्रॅमाडोल सोडलं तर नुसत्या ओपिऑइडच्या (गर्द, मॉर्फिन, कोडीन अशांच्या) टर्कीत माणूस बरळत नाही, त्याला दिवस-तारीख कळते. बरळतोय, भास होताहेत, फिट आली, तर दारू किंवा बटण सुटल्याचा संशय घ्या, नाहीतर मेंदूतलं किंवा रक्तातलं इन्फेक्शन शोधा.

टर्की दाबणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या सुरुवातीबद्दल : गर्द, कोडीन, साधं ट्रॅमाडोल यांच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ तास, एसआर (हळूहळू सुटणाऱ्या) गोळ्या असतील तर २४ तास गेलेले हवेत आणि काऊज १० च्या वर हवा. पहिली २ मिग्रॅ जिभेखाली. तासाभराने पुन्हा काऊज. अजून त्रास असेल तर आणखी २. पहिल्या दिवशी ८ मिग्रॅपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी कालची बेरीज एकदम, वर गरज पडली तर २ ते ४. गर्दवाल्यांपैकी बरेच जण ८ ते १६ मिग्रॅवर स्थिर होतात. गोळ्या-सिरपवाल्यांना बहुधा त्याहून कमी पुरतं.

बाकीचं ज्याचं त्याचं क्षेत्र. सिस्टर लोकांनी आणि भूलवाल्यांनी नक्की लिहावं.

---

शुभ्रा_इनचार्ज

सर, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कशी द्यायची ते कोणी सांगत नाही आणि निम्मे डोस तिथेच वाया जातात, म्हणून तेवढंच लिहिते.

आधी पेशंटला घोटभर पाणी द्या, कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. गोळी जिभेच्या खाली ठेवायची. गालात नाही, जिभेवर नाही. ५ ते १० मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, चहा नाही. गिळली तर औषध यकृतातच संपतं आणि अंगाला काही लागत नाही. मग पेशंट म्हणतो 'काही फरक नाही' आणि आपल्याला वाटतं जास्त मागतोय. दोन-तीन गोळ्या असतील तर सिस्टरने चुरून जिभेखाली ठेवाव्यात. लवकर विरघळतात आणि तोंडातून काढून ठेवताही येत नाहीत. संपल्यावर जीभ वर करायला लावून टॉर्चने बघा. मग चूळ भरायला सांगा. ब्रश तासाभराने, कारण या गोळीने दात खराब होतात.

वेळ सकाळी राऊंडच्या आधीची ठेवा. औषधाची ट्रॉली नेहमीच्या वेळेला फिरली की उठलेल्या पेशंटला दोन तास थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तो जिन्यावर गेलेला असतो.

पहिले ४८ तास दर ४ तासांनी काऊज, सोबत श्वासाचा दर आणि गुंगी. झोपलेला असेल तर काऊजसाठी उठवू नका, श्वास मात्र पूर्ण मिनिटभर मोजा.

आणि तंबाखू! मिश्री, गुटखा, बिडी सगळं वॉर्डात एकदम बंद होतं. निकोटिनची २ मिग्रॅची च्युइंगगम पहिल्या दिवशीच लिहून घ्या. पेशंट खाली जातो तो दर वेळी गर्दसाठीच जातो असं नाही.

---

नवा_हाऊसमन

पारसिक सर, आमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ब्युप्रेनॉर्फिन नसतं. क्लोनिडिन (बीपीचं औषध) मिळतं. दुखण्यासाठी रात्री पेंटाझोसिन-प्रोमेथाझिन लिहिलं जातं, सर्जरीचा स्टँडिंग ऑर्डरच आहे. या पेशंटला ते चालेल का?

---

उपवनकाठ

नाही. ठळक अक्षरात केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा : पेंटाझोसिन, ब्युटॉर्फेनॉल, नाल्ब्युफिन द्यायचं नाही.

कारण असं. ही तिन्ही औषधं म्यू रिसेप्टरवर बसतात, पण तिथे आधी बसलेल्या गर्द-मॉर्फिन-मेथाडोनसारखं पूर्ण काम करत नाहीत, उलट त्यांना हुसकावतात. सवय नसलेल्या माणसाला दुखणं कमी वाटतं. सवय असलेल्याला दहा-पंधरा मिनिटांत टर्की लागते, उलट्या, जुलाब, घाम, नाडी १३०. आपल्याला वाटतं इंजेक्शनची ॲलर्जी आली. त्यात पेंटाझोसिन स्वतःच सुईने घेण्याची सवय असलेले पेशंटही असतात. दंडाची, मांडीची कातडी लाकडासारखी कडक, मधे खोल जखमा दिसल्या तर हे विचारा.

पेथिडीनही नको. त्यातून तयार होणारं नॉरपेथिडीन किडनी मंद असेल तर साठतं आणि फिट येते. ट्रॅमाडोल ४०० मिग्रॅच्या वर गेलं की फिटचा धोका वाढतो, आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटला ट्रॅमाडोल देणं म्हणजे सेरोटोनिन सिंड्रोमला (अंगात सेरोटोनिन फार वाढून होणाऱ्या धोकादायक त्रासाला) आमंत्रण. आपल्याकडे एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस) आणि रेझिस्टंट टीबीमुळे लिनेझोलिड वॉर्डात भरपूर, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग दुखण्याला काय? पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी घड्याळाप्रमाणे, 'दुखलं तर' असं नाही. यकृत बिघडलेलं असेल किंवा वजन कमी असेल तर दिवसाला २ ग्रॅमवर थांबा. किडनी आणि पोट ठीक असेल तर डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक. हाडाला नर्व्ह ब्लॉक, मांडीच्या फ्रॅक्चरला फेमोरल ब्लॉकने रात्र सुसह्य होते. उरलं तर मॉर्फिन. सवय असलेल्याला नेहमीपेक्षा जास्त लागतं, ते लागणारच, तेवढ्यावरून त्याला नाटकी ठरवू नका.

ऑपरेशनच्या आधी ब्युप्रेनॉर्फिन बंद करायची जुनी पद्धत सोडून द्या. चालू ठेवा, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. रोजचा डोस तीन भागांत, दर ८ तासांनी दिला तर त्याचा वेदनाशामक परिणामही मिळतो, कारण टर्की दिवसभर दाबली जाते पण वेदना सहा-आठ तासच. वर मॉर्फिन किंवा फेंटानिल देता येतं, फक्त जास्त लागतं आणि मॉनिटर हवा. आधीच बंद केलं तर ऑपरेशननंतर वेदना आणि टर्की दोन्ही एकदम झेलाव्या लागतात, आणि पुन्हा सुरू करायला परत १२ तास थांबा.

---

ऐरोलीकर

फार्मसीची बाजू.

ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्यात सायकोट्रॉपिक गटात आहे. ट्रॅमाडोल एप्रिल २०१८ पासून त्याच गटात. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन 'आवश्यक नार्कोटिक औषधां'त मोडतात, २०१४ च्या दुरुस्तीने हा गट तयार झाला. ती ठेवायची तर हॉस्पिटलला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून राज्याच्या एफडीएची (औषध प्रशासनाची) मंजुरी लागते. व्यसनाच्या इलाजासाठीच्या जिभेखालच्या गोळ्या, साध्या किंवा नॅलोक्सोन (ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध) मिसळलेल्या, कंपन्या व्यसनमुक्ती केंद्रांना पुरवतात. त्यामुळे स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन नातेवाईकाला पाठवू नका, हेलपाटा होतो आणि वर संशयाने बघतात. तुमच्याकडे मानसोपचार विभाग असेल तर त्यांच्यामार्फत रीतसर मागणी करा आणि ०.४ व २ मिग्रॅ दोन्ही ताकदी ठेवा. विभाग नसेल तर जवळच्या सरकारी केंद्राशी आधीच लेखी व्यवस्था करून ठेवा. रात्री दोन वाजता ती होत नाही. वेदनेसाठीचं ०.३ मिग्रॅचं इंजेक्शन हा वेगळा माल आहे, रजिस्टरमध्ये वेगळा लिहा.

कपाट डबल लॉक, दर शिफ्टला मोजणी, अर्धी गोळी टाकली तर दोन सह्या. एवढं नीट ठेवलं की भीती उरत नाही.

पेशंट स्वतःच्या गोळ्या घेऊन आला तर मोजून, पाकिटात सील करून, त्याच्यासमोर सही घेऊन कपाटात. आणि ज्या केंद्रातून आणल्या तिथे फोन करा : रोजचा डोस किती आणि *शेवटचा डोस समोर कधी घेतला*. मेथाडोनमध्ये या दुसऱ्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो. तीन दिवस चुकले असतील तर जुना डोस पूर्ण देऊ नका, निम्म्यावरून चढा. पाच दिवस किंवा जास्त चुकले तर नव्याने सुरुवात.

पेशंटच्या सामानात पुडी सापडली तर? सिस्टरने ती स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही आणि कमोडमध्ये टाकायचीही नाही. सिक्युरिटी, आरएमओ, साक्षीदार यांची लेखी पद्धत हॉस्पिटलने आधीच ठरवावी.

---

दिगंत

प्रामाणिक प्रश्न आहे. एक नशा काढून दुसरी गोळी लावणं हा इलाज कसा? आमच्याकडे नातेवाईक म्हणतात दहा दिवसांत शरीर साफ करून द्या, मग घरी कधीच नको.

---

घोडबंदर

दिगंत, हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शरीर साफ होतं, त्यात शंका नाही. दहा दिवसांत टर्की उतरते. पण त्याच दहा दिवसांत सहनशक्तीही उतरते. मेंदूतली ओढ मात्र तशीच राहते. घरी गेल्यावर तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. हॉस्पिटल किंवा तुरुंग, कुठूनही बाहेर आल्यावर पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. म्हणून फक्त डिटॉक्स करून सोडणं हा अर्धा इलाजही नाही, ते पेशंटला धोक्यात सोडणं आहे.

ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टरवर घट्ट बसतं, पण ठरावीक मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही. माणूस गुंगत नाही, कामाला जातो, वर गर्द घेतली तरी फारशी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून आहेत.

बॉस्टनमध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला, निकाल २०१४ मध्ये आला. दुसऱ्याच दुखण्यासाठी दाखल असलेल्या १३९ पेशंटचे दोन गट. एकाला पाच दिवसांत ब्युप्रेनॉर्फिन कमी करत बंद. दुसऱ्याला वॉर्डातच सुरू करून, स्थिर करून, बाहेरच्या क्लिनिकशी जोडून दिलं. बाहेर गेल्यावर उपचारात दाखल झाले दुसऱ्या गटातले ७२ टक्के, पहिल्यातले १२. सहा महिन्यांनी उपचारात टिकलेले सुमारे १७ आणि ३. १७ हा आकडा काही फार नाही हे मान्य, बाहेरचा पाठपुरावा किती कच्चा पडतो ते त्यातून दिसतं. पण ३ च्या तुलनेत बघा.

नवा_हाऊसमन, क्लोनिडिनबद्दल. ब्युप्रेनॉर्फिन येईपर्यंत ते उपयोगी. ०.१ मिग्रॅ, दर ६ ते ८ तासांनी, सोसत असेल तर ०.२. प्रत्येक डोसआधी बीपी, वरचा आकडा ९० च्या खाली किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर द्यायचं नाही. घाम, धडधड, काटा कमी होतो. हाडं दुखणं, निद्रानाश आणि ओढ फारशी कमी होत नाही. पोटात मुरडा आला तर डायसायक्लोमिन, जुलाबाला लोपरामाइड आधी ४ मिग्रॅ मग दर जुलाबाला २, दिवसाला १६ च्या आत. उलटीला ऑन्डानसेट्रॉन ४ मिग्रॅ. झोपेसाठी भसाभस अल्प्राझोलाम लिहू नका. ज्याला बटणाचीही सवय आहे त्याला मात्र बेंझोडायझेपिन एकदम बंद करूनही चालत नाही, फिट येते. त्याला डायझेपाम ठरवून, दिवसागणिक कमी करत.

दिवसाला ट्रॅमाडोल-पॅरासिटामॉलच्या वीस गोळ्या घेणारा पेशंट असेल तर हिशोब मांडा : ३७.५ गुणिले वीस म्हणजे ७५० मिग्रॅ ट्रॅमाडोल, आणि ३२५ गुणिले वीस म्हणजे साडेसहा ग्रॅम पॅरासिटामॉल. फिटची तयारी ठेवा, एलएफटी आणि पीटी (यकृताच्या तपासण्या) त्याच दिवशी पाठवा, गरज पडली तर एन-ॲसिटिलसिस्टीन. शिवाय ट्रॅमाडोल सुटल्यावर काहींना नेहमीच्या टर्कीबरोबर घबराट, मुंग्या, भास होतात. ते वेड नव्हे, त्या औषधाचा सेरोटोनिनवरचा परिणाम गेल्यामुळे होतं.

आता १२ तास थांबणं शक्य नसलेला पेशंट. मांडीचं हाड मोडलंय, मॉर्फिन चालू आहे, बंद करता येत नाही. त्याला थेंबाथेंबाने सुरू करायचं. मॉर्फिन आहे तसं चालू. पहिला दिवस ०.४ मिग्रॅ एकदा, दुसरा ०.४ दोनदा, तिसरा ०.८ दोनदा, चौथा २ दोनदा, पाचवा ४ दोनदा, सहाव्या-सातव्या दिवशी १२ आणि मग मॉर्फिन कमी करत बंद. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमधून २०१६ मध्ये ही पद्धत मांडली गेली, वेळापत्रकं जागोजागी थोडी वेगळी आहेत. आपल्याकडे ०.४ ची गोळी असल्याने ती बसवणं सोपं आहे.

आणि घाईत पहिला डोस लवकर पडला, पेशंट अर्ध्या तासात उसळला, तर? ब्युप्रेनॉर्फिन थांबवू नका. दर तासाला २ मिग्रॅ आणखी द्या, सोबत क्लोनिडिन आणि सलाईन. जास्त दिल्यानेच ती टर्की विझते. पेशंटला काय झालं ते सरळ सांगा, नाहीतर तो या गोळीला आयुष्यभर हात लावणार नाही.

---

दिगंत

पटलं. नातेवाईकांना दोन आठवड्यांचा धोका समजावून सांगायला हवा, हे आमच्याकडे होत नाही.

---

पारसिक

घोडबंदर, उपवनकाठ, आभार. टीबीचा मुद्दा जोडतो, कारण आपल्या भागात हे दोन्ही एकत्र फार दिसतं.

टीबीचं रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं आणि मेथाडोन झपाट्याने संपतं. ब्युप्रेनॉर्फिनही बरंच कमी होतं. टीबीचं औषध सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात, डोस तोच असताना, पेशंटला टर्की लागते. तो 'टीबीच्या गोळीने त्रास होतो' म्हणून टीबीची गोळी सोडतो. हे आधीच सांगा, पहिले दोन आठवडे रोज काऊज बघा आणि डोस वाढवा. मेथाडोनला बरंच वाढवावं लागू शकतं. टीबीचा कोर्स संपल्यावर उलटं होतं : दोनेक आठवड्यांत एन्झाइम्स खाली येतात आणि वाढवलेला डोस आता जड पडतो. तेव्हा कमी करायची तारीख आजच कार्डावर लिहा.

एचआयव्ही असेल तर एफाव्हिरेंझ मेथाडोन कमी करतं, डोल्युटेग्राव्हिरचा तसा त्रास नाही. मात्र रिफॅम्पिसिनसोबत डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

मेथाडोनवरच्या पेशंटचा ईसीजी काढा. त्यात मॉक्सिफ्लोक्सासिन, बेडाक्विलिन, फ्लुकोनाझोल, ऑन्डानसेट्रॉन अशी भर पडली की ईसीजीवरचा क्यूटीसी (वाढला की हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका) ५०० च्या वर जायला वेळ लागत नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून ठेवा.

सुईवाल्यांना दाखल असतानाच एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही, अर्थात समुपदेशन आणि संमतीनंतर. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह असेल तर लसीचा पहिला डोस वॉर्डातच. सी पॉझिटिव्ह निघाला तर राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून औषध मोफत आहे, सोफोसब्युव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे. 'आधी नशा सोड मग देऊ' अशी अट घालू नका.

---

शुभ्रा_इनचार्ज

एक विचारायचं होतं. पेशंट बाथरूममध्ये बराच वेळ, बाहेर आला की डोळे मिटलेले, श्वास मिनिटाला ७. अशा वेळी नॅलोक्सोनचा पूर्ण अँप्युल द्यायचा का? एकदम दिला की पेशंट उठून मारामारीला येतो.

---

उपवनकाठ

सिस्टर, आधी श्वास. हनुवटी वर, ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची). बॅगने श्वास चालू ठेवलात तर नॅलोक्सोनसाठी वेळ मिळतो.

०.४ मिग्रॅचा १ मिलीचा अँप्युल, त्यात ९ मिली नॉर्मल सलाईन घालून १० मिली करा. आता प्रत्येक मिलीत ०.०४ मिग्रॅ. शिरेतून १ मिली, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा १ मिली. लक्ष्य श्वास १० ते १२ च्या वर, पूर्ण जाग नव्हे. तो नीट श्वास घेत झोपला असेल तर काम झालं. शीर सापडत नसेल तर ०.४ स्नायूत. श्वास पूर्ण थांबलेला असेल, नाडी लागत नसेल, तर मात्र थेंबाथेंबाने नको : सीपीआर, बॅग आणि मोठा डोस.

नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास. गर्द त्याहून जास्त टिकू शकते, मेथाडोन तर दिवसभर. म्हणून शुद्धीवर आला की वॉर्डात परत पाठवून विसरू नका. मेथाडोन असेल तर ज्या एकूण डोसने श्वास आला त्याच्या दोन-तृतीयांश दर तासाला इन्फ्यूजन लावा. साखरही तपासा. आणि घटनेनंतर त्याला डिस्चार्ज देऊन मोकळं होऊ नका. वॉर्डात घेतलं याचा बहुतेक वेळा अर्थ इतकाच की त्याचा डोस कमी पडतोय.

---

मितवा

समाजसेवा विभागाकडून थोडं.

पेशंटची सगळ्यात मोठी भीती पोलिसांची असते. बेशुद्ध आणलेला ओव्हरडोस एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) होतो, पण नुसती सवय सांगितली म्हणून एमएलसी होत नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. एनडीपीएसच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे.

डामाची वेळ आली तर सही घेऊन हात झटकू नका. का जायचंय ते विचारा. टर्की, तंबाखू, घरी एकटी असलेली आई, बुडणारी रोजंदारी, शेजारच्या पेशंटचा टोमणा, यातलं काहीतरी निघतं आणि त्यातलं निम्मं तासाभरात सुटण्यासारखं असतं. तरी जाणारच असेल तर तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक, ड्रेसिंगचं सामान आणि परत यायची तारीख देऊन पाठवा.

पुढची जागा दाखल झाल्यापासून शोधायला लागा. ओएसटी (नशेऐवजी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देणारी) केंद्रं एड्स नियंत्रण कार्यक्रमातली आहेत आणि मुख्यतः सुईवाल्यांसाठी आखलेली, औषध रोज समोर घ्यायचं असतं. जवळचं केंद्र जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडून कळतं. पन्नीवाला किंवा गोळ्यावाला असेल तर सरकारी मानसोपचार ओपीडी किंवा व्यसनमुक्ती केंद्र बघावं लागतं. दिव्याला राहणाऱ्या आणि रबाळेच्या कंपनीत सकाळी सातला लागणाऱ्या माणसाला रोज अकराला उघडणारी खिडकी परवडत नाही, हे नाव सुचवण्याआधी बघा. फोनसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ टेलिमानस.

---

नवा_हाऊसमन

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ड्युटीरूममध्ये लावतोय. शेवटची शंका : सर्जरीवाले पेशंटला शुक्रवारी संध्याकाळी डिस्चार्ज देतात. केंद्र सोमवारी उघडणार. मधल्या दिवसांचं काय?

---

घोडबंदर

शुक्रवार संध्याकाळचा डिस्चार्ज शक्यतो सोमवार सकाळवर ढकला, सर्जनला कारण सांगितलं की बहुतेक ऐकतात. नाहीच जमलं तर शुक्रवारचा डोस वॉर्डात समोर द्या. शनिवार-रविवारसाठी नॅलोक्सोन मिसळलेल्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, मोजून, घरच्या एका माणसाच्या हातात. त्या मिळणार नसतील तर शनिवार-रविवार कॅज्युअल्टीत येऊन डोस घ्यायची लेखी सोय करा, सीएमओच्या वहीत नाव आणि मिग्रॅ लिहून. ब्युप्रेनॉर्फिन अंगात बराच वेळ राहतं, त्यामुळे शनिवारी पेशंट दुपारी आला तरी बिघडत नाही, पूर्ण दोन दिवस कोरडे मात्र जाऊ देऊ नका.

डिस्चार्ज कार्डावर 'एडव्हाइज्ड डिएडिक्शन' एवढं लिहू नका. औषधाचं नाव, रोजचे मिग्रॅ, शेवटचा डोस कोणत्या तारखेला किती वाजता, सोमवारी कुठे, कोणत्या खिडकीवर, कोणती कागदपत्रं, हे सगळं लिहा आणि केंद्राला शुक्रवारीच फोन करून नाव सांगून ठेवा. घरच्यांना समोर बसवून दाखवा : हाक मारून, खांदा हलवून उठत नसेल, ओठ निळसर, घोरल्यासारखा आवाज, तर आधी १०८, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, आणि गाडी येईपर्यंत एकटं सोडायचं नाही. या दोन दिवसांत दारू आणि बटण अजिबात नको, हे पेशंटला घरच्यांसमोर आणि परत एकदा एकट्याला सांगा.